भिंतीमागचा तिसरा उन्हाळा

मी हे लिहावं का, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि आमच्याकडे लिहिणं म्हणजे अर्ज लिहिणं. पुण्यातल्या टेकड्यांवर वर्षानुवर्षं पाण्याचे डबे वाहून नेणारी, एकेका झाडाची तब्येत ठाऊक असलेली माणसं आहेत. लिहायचं तर त्यांनी लिहावं. मी तिथे शिकायला आलेला, भाड्याच्या खोलीत राहिलेला मुलगा. माझा संबंध गवताच्या एका पट्ट्याशी आला, तेवढाच. पण ज्यांनी लिहायला हवं होतं ते माझे घरमालक काका म्हणाले, "मी लिहिलं तर तो तक्रार-अर्ज होईल. तूच लिही." म्हणून लिहितो आहे. काही चुकलं असेल तर ते माझं समजावं, काकांना बोल लावू नये.

मी गोंदियाच्या पुढच्या, जंगलाला लागून असलेल्या एका गावाचा. कॉम्प्युटर शिकलं की नोकरी लागते, एवढी बातमी तोवर आमच्या गावापर्यंत पोचली होती. त्या बातमीच्या भरवशावर वडिलांनी मला पुण्याला पाठवलं. धायरीत टेकडीच्या पायथ्याशी बंगल्यांची एक लहानशी सोसायटी होती. तिच्या अगदी मागच्या रांगेत काका-काकूंचा बंगला, आणि बंगल्याच्या मागे भिंतीला टेकून माझी पत्र्याची खोली. पुढच्या रस्त्यावर सकाळी कंपनीची बस यायची आणि मागच्या पायवाटेनं म्हशी जायच्या. दोन्हींची वेळ साधारण एकच.

काका एका कारखान्यातून निवृत्त झालेले. खोली देताना त्यांनी एकच अट घातली.

"भिंतीमागे मी झाडं लावली आहेत. एक दिवसाआड पाणी घालायचं. जमेल?"

"जमते जी, काकाजी," मी म्हणालो.

"काकाजी!" ते काकूंकडे वळून म्हणाले. "ऐकलंस? चाळीस वर्षांत तू एकदा तरी मला 'जी' लावलंस का?"

"लावण्यासारखं काही केलंत तर लावीन," काकू आतूनच म्हणाल्या.

भिंतीमागे सोसायटीची मोकळी जागा होती, म्हणजे टेकडीचा चढ सुरू होतो तिथला एक लांबट तुकडा. त्याच्या वरच्या कडेला काटेरी तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे खरी टेकडी. या तुकड्यात काकांनी वड, कडुनिंब, बहावा, आपटा, कांचन अशी झाडं लावली होती. मी आलो तेव्हा त्यांनी एक उन्हाळा काढलेला होता. उंचीनं माझ्या कमरेएवढी. पाणी घालताना काका दर वेळी एकच वाक्य म्हणायचे, "तीन उन्हाळे काढले की झाड आपलं. मग त्याला तुझी-माझी गरज नाही." हे कोणी शोधून काढलं होतं मला माहीत नाही, पण टेकडीवर फिरायला येणारे सगळेच असं म्हणायचे. पहिले दोन उन्हाळे झाड मुळं खाली नेतं, तिसऱ्यात ते जगायचं की नाही ते ठरवतं.

सोसायटीला एका गोष्टीचा अभिमान होता. तिथे कोणी पालापाचोळा जाळत नसे. बंगल्यांतला सगळा पाचोळा काका गोळा करायचे आणि झाडांच्या आळ्यांत जाड थर करून पसरायचे. त्यानं ओल टिकते. उरलेला पाचोळा भिंतीच्या कडेनं खत होण्यासाठी रचलेला असायचा. भिंतीवर काकांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: "पालापाचोळा जाळणे हा गुन्हा नसेल, पण मूर्खपणा नक्कीच आहे."

मला हे पाहून पहिल्या दिवशीच थोडं विचित्र वाटलं होतं. आमच्याकडे मोहफुलं वेचायच्या आधी झाडाखालची जमीन झाडून स्वच्छ करतात, वाळली पानं एका जागी करून पेटवतात, म्हणजे फुलं नीट दिसतात. कधी कधी ती आग हातातून सुटते आणि जंगलात जाते. म्हणून उन्हाळा लागला की घराच्या चारी बाजूंनी अंगण खरवडून, सारवून ठेवायचं. तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग घरापासून लांब. आई माझ्या लहानपणापासून हे करत आली. घराच्या भिंतीला टेकून वाळका पाला असा रचून ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता. एकदा धीर करून मी काकांना हे सांगितलं.

"म्हणजे जंगलं जाळायची पद्धत तुमच्याकडून आली तर," काका म्हणाले. "बरं झालं सांगितलंस. इतके दिवस आम्ही इथल्यांनाच दोष देत होतो."

मी हसलो आणि पाण्याचा डबा उचलला.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आग आली. दुपारची वेळ होती, मी वाचनाच्या सुटीत खोलीतच होतो. आधी वास आला, मग वाळलेल्या शेंगा फुटाव्यात तसा आवाज. टेकडीचा माथा धुरानं भरला होता. टेकडीवरचं सगळं गवत कुसळी. फेब्रुवारीपर्यंत ते वाळून कागदासारखं होतं. कोणी म्हणालं विडी टाकली, कोणी म्हणालं गावातल्या पोरांनी लावली. जाळलं की पावसानंतर गवत दाट येतं, असं तिथे जुन्या काळापासून मानतात. उताराला आग सावकाश उतरते हे मला माहीत होतं, आणि ती खरंच सावकाश उतरत होती. तारेपर्यंत आली तरी काका म्हणत होते, "थांबेल." मग ती पहिल्या झाडाच्या आळ्यातल्या पाचोळ्याला लागली. तिथून दुसऱ्या आळ्यात, तिथून तिसऱ्यात, आणि तशीच भिंतीपाशी रचलेल्या थरापर्यंत. आम्हीच तिला पायऱ्या बांधून दिल्या होत्या.

लोक बादल्या घेऊन धावले. अग्निशमन दलाची गाडी आली, पण गल्लीत वळायला तिला वेळ लागला. सोसायटीचे सेक्रेटरी आमच्या शेजारच्या बंगल्यात राहायचे. ते एका सॉफ्टवेअर कंपनीत होते आणि त्या वेळी ऑफिसात होते. त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले, मागच्याच खोलीत. धूर त्या खोलीत भरायला लागला, तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी आणि मी त्यांना खुर्चीत बसवून पुढच्या दारानं बाहेर नेलं. माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं त्यांनी, रस्त्यावर आल्यावरसुद्धा.

कोणाला इजा झाली नाही. पाण्याचा प्लॅस्टिकचा पाइप वितळला, सेक्रेटरींच्या मागच्या खिडकीची काच तडकली, भिंत काळी झाली. पाटीवरचं "मूर्खपणा" तेवढं वाचता येत होतं. झाडं होरपळली, पण काकूंनी त्या संध्याकाळपासूनच त्यांना पाणी घालायला सुरुवात केली, आणि पुढच्या काही आठवड्यांत बहुतेकांना बुंध्यापासून फुटवे आले. दुसरा उन्हाळा असा निघाला.

मग सोसायटीची सभा झाली. गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. मी मागे उभा होतो, भाडेकरूनं बसावं की नाही हे मला कळलं नव्हतं.

सेक्रेटरी म्हणाले, "जेसीबी लावू आणि मागचा तुकडा साफ करू. झाडं, गवत, सगळं. वर पेव्हर ब्लॉक टाकू. पार्किंगही होईल."

"आणि झाडं?" काकांनी विचारलं.

"काका, प्रॅक्टिकल व्हा ना. माझे बाबा त्या खोलीत असतात. ते स्वतः उठू शकत नाहीत. त्या दिवशी हा मुलगा घरी नसता तर?"

काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, "एक उन्हाळा द्या. पुढच्या उन्हाळ्यात आग भिंतीला लागली, तर जेसीबीवाल्याला चहा मी देईन."

हात वर झाले. थोड्याच मतांच्या फरकानं, पण काकांना एक उन्हाळा मिळाला. घरी येताना ते मला म्हणाले, "तुमच्याकडे अंगण कसं खरवडतात म्हणालास?" पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

पाऊस संपत आल्यावर आम्ही ठरवायला बसलो. कागद-पेन काही नाही, ओट्यावर बसून नुसतं बोलणं. मी म्हणालो, भिंतीला लागून काहीही वाळकं नको. तारेच्या आतल्या बाजूनं, झाडांच्या पलीकडे, गवताचा एक रुंद पट्टा मुळापासून काढून टाकायचा, म्हणजे वरून आलेली आग तिथे उपाशी मरेल. वनखात्याचे लोक जंगलात अशीच जाळरेषा काढतात. आणि आळ्यांतला पाचोळा उचलायचा.

"पाचोळा उचलला तर मार्चमध्ये झाडं उन्हानं मरतील," काका म्हणाले. "आगीनं मरायची ती उन्हानं मरतील, एवढाच फरक."

हे खरं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात कोणी नवं झाड जगवत नाही, जंगल आपलं आपण जगतं.

काकू मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "दगड घाला की."

"कुठे?"

"आळ्यात. माझ्या कुंड्यांत मांजर माती उकरायचं म्हणून मी गोटे घातले होते ना? ते उचलून बघा, खाली माती कशी ओली असते. दगड जळतो का?"

काका त्यांच्याकडे वळले. "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंत कधी?"

टेकडीच्या उतारावर चपट्या दगडांना तोटा नव्हता. दसऱ्यापर्यंत आम्ही प्रत्येक आळ्यात दगडांचा गोल थर बसवला. पाचोळा पोत्यांत भरून सोसायटीच्या पुढच्या बाजूला, फाटकाजवळच्या खड्ड्यात हलवला. त्यावर माती टाकली. काकांना त्याचं वाईट वाटत होतं, पण तिथेही खत होणारच होतं.

मग घराची पाळी आली. मागच्या भिंतीवरून काकूंची मधुमालती माझ्या पत्र्यावर चढली होती. वर फुलं, आणि आत काडीसारख्या वाळलेल्या वेलींचं जाळं. बंगला बांधला त्या वर्षी काकूंनी ती माहेरून आणून लावली होती. काका कडुनिंबाची एक फांदी छाटायला तयार नव्हते, पण मधुमालतीविषयी बोलताना त्यांचा आवाज एकदम शास्त्रीय झाला.

"हा सरळसरळ धोका आहे. वेल पेटली की पत्रा, पत्र्यावरून आमचं छप्पर."

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "तुमची झाडं ती झाडं. माझी ती वेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला विळा आणून दिला. "काप. मला विचारू नकोस कुठपर्यंत, पण काप. आणि मुळाला हात लावू नकोस." मी ती जमिनीपासून हातभर ठेवून कापली. त्या दिवशी त्या मागच्या अंगणात आल्या नाहीत. संध्याकाळी काकांनी कोणी न सांगता कडुनिंबाच्या आणि आपट्याच्या खालच्या, जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटल्या.

गवताच्या बाबतीत मात्र आमची चूक झाली. ते कापायचं होतं, पण काका म्हणाले, थांबू. गवताला बी धरलं की मुनियांचे थवे येतात, त्यांना खाऊ दे, दिवाळीनंतर कापू. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सकाळी वाचत बसलो की त्या चिमुकल्या पाखरांनी गवताची काडी वाकायची, ते मी खिडकीतून बघायचो. दिवाळीनंतर आम्ही दोघांनी विळे घेऊन तो पट्टा कापला. कुसळं मोज्यांत, बनियनमध्ये, एक माझ्या पापणीवरसुद्धा. कापून झाल्यावर एवढं गवत झालं की त्याचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. जाळायचं नाही हा काकांचा नियम होता.

मागच्या पायवाटेनं म्हशी नेणाऱ्या मावशी आम्हाला माहीत होत्या. आमची सोसायटी त्यांच्याच घरच्या जमिनीवर उभी होती. काकूंकडे दूध त्यांचंच. "तुमचा हॉल हाय ना, तिथं आमची बाजरी असायची," असं त्या काकूंना अधूनमधून सांगायच्या. राग नसायचा त्यात, नुसती माहिती. काकांनी त्यांना हाक मारली आणि ऐटीत सांगितलं, "मावशी, गवत फुकट. घेऊन जा."

मावशींनी एक मूठ उचलली, बोटांनी चोळली आणि टाकून दिली.

"ह्याला कुसळं आल्यात की. म्हशीच्या तोंडात जखमा करायच्यात व्हय?"

"म्हणजे हे खात नाहीत?"

"हिरवं हुतं तवा खाल्लं आसतं. दसऱ्याच्या आत का न्हाई बोलावलं? मीच कापून नेलं आसतं. तुमाला विळ्याला हात लावाय लागला नसता."

"आम्ही पाखरांसाठी ठेवलं होतं," काका म्हणाले.

मावशींनी काकांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "मंग पाखरांनाच सांगा न्यायला," असं म्हणून त्या म्हशींमागे निघाल्या.

त्या संध्याकाळी त्या परत आल्या, दूध घालायला. तेव्हा ओट्यावर खरं बोलणं झालं. टेकडी कोण पेटवतं, हे काकांनी सरळ विचारलं. मी घाबरलो, पण मावशींना काही वाटलं नाही.

"आमच्या दिराची पोरं लावायची. आता गुरं कुणाकडं ऱ्हायल्यात? सवय म्हनून लावत्यात. त्यांना सांगीन मी. पन ती न्हाई लावली तर दुसरं कुनी लावंल. विड्या वढनारं काय कमी हायत?"

मग व्यवहार ठरला. पुढच्या वर्षीपासून कुसळं भरायच्या आधी मावशींनी भिंतीमागचं सगळं गवत कापून न्यायचं. त्याबदल्यात सोसायटीनं काटेरी तारेत एक खिंडार ठेवायचं, म्हणजे भारा डोक्यावर घेऊन त्यांना सगळ्या टेकडीला वळसा घालावा लागणार नाही. काकांनी दुसऱ्याच दिवशी पक्कडीनं तार तोडून खिंडार केलं. "रात्री बारा वाजता अमेरिकेशी बोलतात हे लोक," ते सेक्रेटरींच्या बंगल्याकडे मान करून म्हणाले, "पण भिंतीपलीकडे कोणी राहतं हे मला स्वतःलासुद्धा आज कळलं."

या वर्षीचं गवत मात्र उरलंच होतं. काका म्हणाले, भिंतीपाशी रचू, हळूहळू कुजेल. मी नाही म्हणालो. आवाज थोडा मोठा झाला असावा, कारण काकू बाहेर आल्या. मी म्हणालो, "काकाजी, तणीस घराजवळ नाही ठेवत जी. माझी आई इथं असती तर तिनं तुम्हाला अंगणातून हाकलून दिलं असतं." मला माझंच बोलणं ऐकून भीती वाटली. काका मात्र हसायला लागले. "आईंचं ऐकायलाच हवं," ते म्हणाले.

ते सगळं गवत आम्ही पुढच्या मैदानावर नेऊन टाकलं, घरांपासून लांब, मधोमध. पोरं त्यावर लोळली, कुसळं घरोघरी गेली, आणि काही दिवस काकांना त्या पोरांच्या आयांपैकी कोणीही सरळ उत्तर देत नव्हतं. शेवटी होळीला त्याची सोय लागली. होळीला एक काटकी न देणारे म्हणून काका प्रसिद्ध होते. त्या वर्षी त्यांनी स्वतः दाताळं घेऊन गवत ओढून दिलं. गवताची होळी भसकन पेटली आणि नैवेद्य दाखवून होईस्तोवर विझलीही. पोरं नाराज झाली. काका म्हणाले, "बघा, किती पटकन जळतं. आता कळलं मी का ओरडत होतो?" कोणी ऐकत नव्हतं. सेक्रेटरी तेवढे ऐकत होते. राख थंड होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

मार्च गेला, एप्रिल गेला. पट्ट्यात पुन्हा उगवलेलं आम्ही दोनदा खुरप्यानं काढलं. दगडांखाली ओल होती. मी रोज एक दगड उचलून बघायचो आणि परत ठेवायचो, त्यात अर्थ काही नव्हता. वडाला पहिल्यांदाच रुंद, तुकतुकीत पानं आली. टेकडीवरचं गवत मात्र जसंच्या तसं उभं होतं, तारेपलीकडे, पिवळं. ते आमचं नव्हतं, त्याला आम्ही हात लावू शकत नव्हतो. त्या वर्षी ते कोणी पेटवलंही नव्हतं, आणि न पेटलेलं गवत रोज बघणं हे पेटलेल्यापेक्षा वाईट असतं.

मेमध्ये परीक्षा संपली. आई आजारी होती, तेंदूपत्त्याचे दिवस होते, घरी माणूस हवं होतं. मला जावंच लागलं. निघताना मी काकांना म्हणालो, "थोडे दिवस उशिरा गेलो असतो जी." काका म्हणाले, "तू राहिलास तर आग यायची थांबेल, असं तुला वाटतं का? जा. तू गेलास तर रोजचा एक दगड मी उचलून बघेन." सेक्रेटरींचे वडील खिडकीशी बसवलेले होते. मी हात केला. त्यांनी हात वर केला असावा, जाळीमुळे नीट दिसलं नाही.

घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, पुण्यात काय शिकलास. मी गवताचं सांगितलं, कारण कॉम्प्युटरचं सांगणं अवघड होतं.

"पुण्याले गवत कापाले गेलता का रे तू?" वडील म्हणाले. "मंग एवढ्या दूर कायले गेला? इथं का गवत नाही?"

आईला मात्र सगळं ऐकायचं होतं. वेल किती ठेवून कापली, दगड कसे बसवले. काकूंचं मांजराचं ऐकून ती अंथरुणावर पडल्या पडल्या हसली. "शहाणी बाई आहे," म्हणाली.

एक दिवस बाजारातून आणलेल्या सामानाच्या पुडीवर थोड्याच दिवसांपूर्वीच्या पेपरचा तुकडा होता. त्यावर कोपऱ्यात दोन-तीन ओळींची बातमी: सिंहगड रस्त्यालगतच्या टेकडीवर वणवा, बंगल्यांपर्यंत आगीचे लोट. पुढचा भाग फाटलेला. मी ती पुडी पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. गावातला एकमेव फोन वादळात तारा पडल्यामुळे बंद होता. तेंदूपत्त्याची गाडी तालुक्याला जाईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. त्या दिवसांत मी रानात तेंदूच्या पानांचे पुडके बांधत होतो, आणि डोळ्यांसमोर पिवळा जेसीबी यायचा. आई म्हणायची, "पट्टा रुंद होता ना? मंग?" मी म्हणायचो, रुंद होता. पण किती रुंद पुरतो, हे मलाही माहीत नव्हतं.

शेवटी गाडी गेली. तालुक्याच्या एसटीडी बूथवर माझ्याआधी तेंदूच्या ठेकेदाराचा माणूस बराच वेळ ओरडत होता. तो बाहेर आल्यावर मी नंबर लावला. फोन काकूंनी उचलला.

"काकू, मी बोलतो जी."

"कळलं. आमच्या ओळखीत 'जी' म्हणणारा दुसरा कोणी नाही. आई कशी आहे?"

"बरी आहे. काकू, आग..."

"लागली होती. भर दुपारी. माथ्यापासून तारेपर्यंत सगळी टेकडी काळी झाली आहे. तारेच्या आत आली, तुझ्या पट्ट्यापाशी थोडी घुटमळली आणि विझली. बादली उचलायची वेळ आली नाही. काका मात्र उचलून उभे होते."

"भिंत?"

"भिंतीला धूरसुद्धा नीट लागला नाही. शेजारचे आजोबा खिडकीतून सगळं बघत होते म्हणे, त्यांनी स्वतःला कोणाला तिथून हलवू दिलं नाही. सेक्रेटरी संध्याकाळी आले, पट्टा बघून गेले. म्हणाले, जेसीबीचं राहू द्या, पुढच्या वर्षी पट्टा सगळ्यांनी मिळून काढू. आता वर जळायला काही उरलंच नाही, तेव्हा हा उन्हाळा निघाला म्हणायचा. माझ्या मधुमालतीलाही फूट आली आहे."

"म्हणजे झाडं सगळी आहेत?"

मागे काकांचा आवाज येत होता, ते काहीतरी लांबून सांगत होते.

"सगळी आहेत. वडाचा शेंडा तेवढा गेला."

"आगीत?"

"आगीत कसला! वर गवत जळून गेलं, तेव्हा मावशींची म्हैस हिरवं शोधत त्या खिंडारातून आत आली आणि वडाची पानं खाऊन गेली. बुंधा शाबूत आहे, खालून फुटेल. तुझे काका खिंडाराला पाटी लावणार होते. मी म्हटलं, म्हशीला वाचता येतं का? तेव्हापासून तिथे खुर्ची टाकून बसलेत."